शेंगोळे एकेक करूनच का सोडतात?

आपल्या मुखेड भागात हुलग्याचे शेंगोळे सर्वांच्या परिचयाचे आहेत. फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली, की आई ते एकेक करून सोडते. असे का?

पिठातील स्टार्चचे कण सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात व एकमेकांना चिकटतात. त्यामुळे उकळत्या पाण्यात शेंगोळ्याचा पृष्ठभाग लगेच घट्ट होतो. सगळे एकदम टाकले, तर पाणी निवते व पीठ सुटून रस्सा पिठूळ होतो.

पुन्हा उकळी आल्यावर मात्र जाळ कमी करावा. मोठ्या जाळाने उकळत्या पाण्याचे तापमान वाढत नाही. वाफ तेवढी वाढते आणि सरपण वाया जाते.

जाडी दुप्पट केल्यास उष्णता मध्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून शेंगोळे बारीक वळावेत. दोन जाडींचे शेंगोळे करून, घड्याळ लावून पाहा!