जुन्या फायबरच्या होडीतील कुजलेले लाकूड : निदान आणि दुरुस्ती

प्रस्तावना

‘फायबरची होडी कुजत नाही’ असे तुम्ही ऐकले असेल. हे वाक्य अर्धेच खरे आहे. काचतंतू आणि रेझिन कुजत नाहीत, पण जुन्या होड्यांत फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड दडलेले असते आणि ते कुजते. १९६० व १९७० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत फायबरच्या होड्या मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. त्या काळापासून मोटर टांगायच्या मागच्या भिंतीत प्लायवूड, डेकमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड आणि तळाच्या लांब तुळयांमध्ये लाकूड घालण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडेही अनेक लहान फायबर होड्यांची मागची भिंत अशीच असते.

या पाठात आपण मोटर टांगायची मागची भिंत हेच उदाहरण घेणार आहोत. तिला ट्रान्सम म्हणतात. ती समुद्रात निखळली तर मोटर जाते आणि मागून पाणी आत शिरते, म्हणजे प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो. पाठ संपल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत :

१. फायबरच्या आत बंद असलेले लाकूड का कुजते?
२. गाभा कुजल्यावर भिंतीचा ताठपणा किती घटतो?
३. कुजेची व्याप्ती कशी शोधावी?
४. दुरुस्तीच्या प्रत्येक पायरीमागचे कारण काय?

१. लाकूड का कुजते?

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला अन्न, हवा, उबदारपणा आणि पाणी अशा चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे लाकूडच. हवा प्लायवूडच्या फटींतून मिळते. उबदारपणा आपल्या किनाऱ्यावर वर्षभर असतो. आपल्या हातात उरते ते फक्त पाणी.

लाकडातील ओलावा टक्क्यांत असा मोजतात :

ओलावा = (ओले वजन – सुके वजन) ÷ सुके वजन × १००

सुके वजन म्हणजे सुमारे १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत, वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेल्या तुकड्याचे वजन. समजा, भिंतीतून काढलेला तुकडा ५२ ग्रॅम भरला आणि वाळवल्यावर ४० ग्रॅम उरला, तर ओलावा ३० टक्के झाला. साधारण २८ ते ३० टक्क्यांवर लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने तृप्त होतात. यालाच तंतु-संपृक्तता बिंदू म्हणतात. या पातळीच्या वर बुरशी जोमाने वाढते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही.

आता फायबरचे कवच डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक स्क्रू, बोल्ट आणि पाणी निचऱ्याचे भोक हे कवचाला पडलेले एक छिद्र असते. मूळ सीलंट काही वर्षांत तडकते आणि पाणी आत जाते. उघडे लाकूड पावसात भिजले तरी उन्हात वाळते. कवचात बंद झालेले लाकूड वाळू शकत नाही, कारण पाण्याला बाहेर पडायला जागाच नसते. त्यातही पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक घातक असते, कारण मीठ बुरशीला काही प्रमाणात रोखते. म्हणून किनाऱ्यावर उलटी न ठेवता, आच्छादनाशिवाय पडलेली होडी चालत्या होडीपेक्षा लवकर कुजू शकते.

२. गाभा गेल्यावर काय होते?

फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये लाकडाचा गाभा, अशी ही सँडविच रचना आहे. बाहेरचे थर ताण व दाब सोसतात. गाभा त्यांना एकमेकांपासून दूर धरतो आणि एका थराचा भार दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो.

एक हिशेब करून पाहा. प्रत्येक थर ३ मिमी आणि गाभा ३८ मिमी आहे असे माना. दोन्ही थर सुटे झाले तर दर मिलिमीटर रुंदीमागे वाकण्याला होणारा भौमितिक विरोध असा :

२ × (३³ ÷ १२) = ४.५

गाभा पक्का असेल तर दोन थरांच्या मध्यरेषांमधील अंतर ४१ मिमी होते. मग विरोध असा :

(३ × ४१²) ÷ २ + ४.५ = २५२६

म्हणजे सुमारे ५६० पट. येथे गाभ्याचा स्वतःचा ताठपणा धरलेला नाही आणि गाभा सरकत नाही असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात आकडा वेगळा येईल, पण निष्कर्ष बदलणार नाही : गाभा कुजला की उरलेले फायबर कितीही चांगले दिसले तरी भिंत ताठ राहत नाही.

भिंतीवरचा भारही लक्षात घ्या. ४० अश्वशक्तीची मोटर साधारण ७० ते १०० किलोची असते. ती माथ्यावर टांगलेली असते, तर पंख्याचा जोर माथ्याच्या अर्धा-पाऊण मीटर खाली लागतो. त्यामुळे वेग वाढवताना, आणि लाटेवर आपटताना तर अधिकच, भिंत पिळवटली जाते.

३. व्याप्ती शोधणे

कुजेचे पहिले लक्षण बहुधा बोल्टभोवतीचे तपकिरी ओघळ किंवा माथ्याच्या कोपऱ्यातील तडे हे असते. त्यानंतर पुढील चार चाचण्या क्रमाने कराव्यात.

ठोकून पाहणे : लहान हातोडीने सर्वत्र हलके ठोका. पक्का भाग टणक आवाज देतो, सुटलेला किंवा कुजलेला भाग बद्द वाजतो. हद्द खडूने आखा.

हलवून पाहणे : मोटरचा खालचा भाग हाताने पुढे-मागे दाबा आणि भिंतीच्या माथ्याकडे लक्ष ठेवा. माथा हलताना दिसला तर होडी पाण्यात नेऊ नका.

ओलावामापक : हे यंत्र उपयोगी आहे, पण मीठ, धातू किंवा काळा रंग जवळ असेल तर ते फसवते. त्याचा उपयोग एका जागेची दुसरीशी तुलना करण्यापुरता करावा.

भोक पाडून पाहणे : आतल्या बाजूने ५ मिमीची भोके पाडा. ड्रिलला कोरडा, फिकट भुसा आला तर लाकूड ठीक आहे. गडद, ओला लगदा आला तर कूज आहे. काम संपल्यावर ही भोके इपॉक्सीने भरायला विसरू नका, नाहीतर तपासणीनेच पाण्याला नवी वाट मिळेल.

एक इशारा : तपकिरी कुजेत लाकडाचे वजन जेमतेम ५ ते १० टक्के घटते, तोवर धक्का सोसण्याची त्याची क्षमता निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या कुजेच्या हद्दीवर थांबू नये. कोरडे, कणखर लाकूड लागेपर्यंत काढत जावे.

४. सोपा उपाय का चालत नाही?

भोके पाडून पातळ इपॉक्सी ओतली की लाकूड पुन्हा दगडासारखे होते, असे अनेकदा सांगितले जाते. ओल्या लाकडात रेझिन शिरत नाही, कारण पोकळ्या आधीच पाण्याने भरलेल्या असतात. कोरड्या कुजलेल्या भागात ते शिरते, पण तुटलेले सेल्युलोज त्यामुळे जोडले जात नाही. शिवाय आत राहिलेला ओलावा आता आणखी घट्ट बंद होतो. डेकवरील एखाद्या लहान, कोरड्या पोकळीसाठी ही पद्धत ठीक आहे. मोटरचा भार घेणाऱ्या भिंतीसाठी नाही.

५. दुरुस्तीच्या पायऱ्या

आधार : मोटर काढा. होडीच्या तळाला अनेक जागी आधार द्या. भिंत कापल्यावर कवच लवचीक होते आणि त्या अवस्थेत वाकडे झाले तर नव्या भिंतीसह कायमचे वाकडे राहते.

कापणे : शक्यतो आतला थर कापा, म्हणजे बाहेरचा आकार आणि चकाकी टिकते. कडेला ५ ते ७ सेंमीची पट्टी शिल्लक ठेवा. नवा थर तिलाच जोडायचा आहे.

गाभा काढणे व वाळवणे : पटाशीने आणि ग्राइंडरने सगळे लाकूड काढा. बाहेरचा थर घासून स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, म्हणजे ऐन पावसात. होडी रिकामी मिळते, पण हवा दमट असते. तेथे छप्पर आणि खेळती हवा अत्यावश्यक आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे वाळवणे तुलनेने सोपे जाते.

नवे लाकूड : आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड घ्या. दोन १९ मिमी फळ्या चिकटवून ३८ मिमी जाडी मिळते. पुठ्ठ्याचा साचा करूनच कापा. कडांमधून पाणी सर्वांत वेगाने शोषले जाते, म्हणून कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या.

चिकटवणे : येथे पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी वापरावी. जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या फायबरवर आणि लाकडावर तिची पकड अधिक चांगली असते आणि घट्ट होताना ती कमी आक्रसते. सिलिका मिसळून ती लोण्याइतकी दाट करा आणि दातेरी पत्र्याने दोन्ही पृष्ठांवर पसरवा. क्लॅम्प बेताने आवळा. फार आवळल्यास चिकट सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो.

फायबरचा नवा थर : जुन्या थराची कड उतरती घासा. नेहमीचे प्रमाण १२ ला १, म्हणजे ३ मिमी जाड थरासाठी ३६ मिमी लांब उतार. भार एका थरातून दुसऱ्यात चिकट पृष्ठातून सरकून जातो. पृष्ठ जितके लांब तितका त्यावरील ताण कमी. भिंत आणि बाजू यांच्या कोपऱ्यात दाट इपॉक्सीची गोलाई द्या, कारण काचकापड काटकोनात नीट बसत नाही. थर घट्ट झाल्यावर पृष्ठावर मेणचट थर दिसला तर तो पाण्याने धुवा, मगच पुढचा थर द्या.

भोके : बहुतेक दुरुस्त्या इथे फसतात. १२ मिमी बोल्टसाठी आधी २० मिमीचे भोक पाडा, ते दाट इपॉक्सीने भरा, घट्ट झाल्यावर मधोमध १२ मिमीचे भोक पाडा. आता बोल्टभोवती ४ मिमीचे इपॉक्सीचे कडे आहे. पुढे सीलंट तडकले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

रंग : इपॉक्सी उन्हात खराब होते, म्हणून शेवटी रंगाचा थर हवाच.

६. सुरक्षितता

काचतंतूंची धूळ फुप्फुसांत जाते. त्यामुळे घासताना धूळरोधक मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा. इपॉक्सीने त्वचेची कायमची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घाला. रेझिन व हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने दिलेले तेच ठेवा. जास्त हार्डनर घातल्याने काम लवकर होत नाही, सांधा कच्चा राहतो. मोठ्या भांड्यात एकदम कालवलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने धुमसू शकते, त्यामुळे थोडे थोडे कालवा. अन्यत्र पॉलिएस्टर वापरत असाल तर त्याचा पेरॉक्साइड कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर कधीही थेट एकत्र करू नका. त्याने स्फोट होऊ शकतो.

सारांश

कूज लाकडात दिसते, पण तिचे मूळ पाण्याच्या वाटेत असते. केवळ नवे लाकूड घालून जुनी भोके तशीच ठेवली तर काही वर्षांत तुम्ही त्याच जागी परत याल. चांगली दुरुस्ती दोन कामे करते : पाण्याची वाट बंद करते आणि भाराची वाट पुन्हा अखंड जोडते. वरील प्रत्येक पायरी तपासताना स्वतःला विचारा, ती यांपैकी कोणते काम करते?

स्वाध्याय

१. एका तुकड्याचे ओले वजन ६३ ग्रॅम आणि सुके वजन ५० ग्रॅम आहे. ओलावा काढा. या लाकडावर लगेच फायबर चढवाल का? कारण द्या.
२. ४ मिमी जाड थरासाठी १२ ला १ या प्रमाणात उताराची लांबी किती?
३. विभाग २ मधील हिशेब २५ मिमी गाभ्यासाठी करा आणि ३८ मिमीच्या उत्तराशी तुलना करा.
४. तुमच्या जवळच्या जेटीवर किंवा तलावावर एखादी फायबरची होडी पाहा. मालकाच्या परवानगीने तिच्यावरील सर्व भोकांची यादी करा. पाणी कोठून आत जाऊ शकेल ते आकृतीत दाखवा.