वाल्टर काउफमान यांची मुंबईतील बारा वर्षे

आकाशवाणीची प्रातःकालीन संकेतधून नांदेड-लातूरकडील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली आहे. तिच्या स्वरांत अनेक जाणकारांना शिवरंजनीची छाया दिसते. या धुनेचे कर्तृत्व सामान्यतः ज्यांच्याकडे दिले जाते ते वाल्टर काउफमान बोहेमियातील ज्यू संगीतकार होते. धुनेमुळे त्यांचे नाव आपल्याकडे टिकले हे खरे. परंतु अभ्यासकाने त्यांची ओळख तेथेच आटोपती घेऊ नये. निर्वासित मनुष्य आश्रयाच्या देशातून पुढे काय घेऊन जातो, या दृष्टीने त्यांचे चरित्र अधिक विचारार्ह आहे.

काउफमान यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाड येथे झाला. बर्लिन येथे त्यांचे संगीताचे शिक्षण झाले. कुर्ट झाक्स हे त्यांच्या गुरूंपैकी एक. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी माहलर यांच्यावर प्रबंध सिद्ध केला. परंतु आपले मार्गदर्शक नाझींच्या युवक संघटनेत पुढाकार घेतात हे कळताच त्यांनी पदवीच नाकारली. फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईस उतरले. हिंदुस्थानच का निवडला, याचे त्यांनी दिलेले कारण अगदी साधे आहे : येथील प्रवेशपरवाना सहज मिळत होता. पूर्वेच्या गूढ आकर्षणाची कथा रचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आल्यावर तीन महिन्यांतच, मेहली मेहता आदी वादकांच्या साहाय्याने, त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे नियमित कार्यक्रम करणारी एक संस्था स्थापन केली. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. मात्र आश्रय म्हणजे निश्चिंती नव्हे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन नागरिकत्व असलेले ज्यू निर्वासितही 'शत्रुदेशीय' ठरले आणि कित्येकांची रवानगी स्थानबद्धतेत झाली. ज्या राजवटीपासून ते पळाले, तिचेच प्रजाजन म्हणून! काउफमान यांची प्रथम पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्का यांची भाची. तिची आई एली आणि दोन्ही मावश्या नाझींच्या संहारात बळी पडल्या. परतण्यासारखे घर उरले नव्हते.

भारतीय संगीत प्रथम कानी पडले तेव्हा ते त्यांना अनाकलनीय वाटले होते. परंतु लक्षावधी माणसांना प्रिय असलेले संगीत आपणांस कळत नसेल तर उणीव आपल्यातच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या काळच्या युरोपीय श्रोत्यांत ही वृत्ती विरळच होय. पंडित भातखंडे यांनी मराठीतून मांडलेली दहा थाटांची व्यवस्था या सुमारास सर्वत्र प्रसृत होत होती.

१९४६ साली त्यांनी मुंबई सोडली. लंडन, मग कॅनडातील हॅलिफॅक्स, आणि १९४८ पासून विनिपेग येथील वाद्यवृंदाचे संचालकपद, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत मिळविलेल्या रागज्ञानाचे मोल तेथे थोडेच होते. त्यांना स्थान मिळाले ते युरोपीय संगीतातील प्रावीण्यावर. १९५७ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाल्यावरच त्या संचिताला वाव मिळाला. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील रागांची मांडणी भातखंड्यांच्या थाटांनुसार आहे. दाक्षिणात्य रागांवरील ग्रंथ १९७६ मध्ये आला. १९६४ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९८४ साली ब्लूमिंग्टन येथेच निवर्तले.

किनवट-माहूर परिसरातील गोंड वस्त्यांत काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचे आणखी एक लेखन उपयोगी पडेल. गोंड व बैगा लोकगीतांवरील त्यांचा निबंध १९४१ सालचा, म्हणजे निर्वासितावस्थेतलाच; बस्तरच्या माडिया व मुरिया गोंडांची गीते आणि वाद्ये यांवरील निबंध १९६० व १९६१ चे. आपल्या भागातील गीतांचा त्यांत समावेश नाही, आणि पाश्चात्त्य स्वरलेखनात गोंडी गायकीची लवचीकता पुरती उतरत नाही. तरी तुलनेसाठी इतक्या जुन्या काळची स्वरलिपी क्वचितच हाती लागते.