टपावरचे सौर पॅनेल : ऊन घ्यावे, पाणी अडवावे



आपल्या सुरतेत गच्चीवरची सौर पॅनेल आता नवलाईची राहिलेली नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' सुरू झाली. तिच्यात ३ किलोवॅटच्या घरगुती संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत केंद्र सरकारचे अनुदान ठरले आणि ही पॅनेल पुष्कळ घरांपर्यंत पोहोचली. पण गच्ची एका जागी उभी असते. धावणाऱ्या गाडीच्या टपावर अशी पॅनेल बसवता येतील का? आणि बसवलीच, तर पावसाळ्यात टप गळणार नाही ना? या अंकात आम्ही या दोन प्रश्नांची उत्तरे देत आहोत. दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

असे कोणी केले आहे का?

होय. आय.आय.टी. मुंबईत प्राध्यापक असताना डॉ. चेतन सिंह सोळंकी यांनी २०२० साली 'एनर्जी स्वराज यात्रा' सुरू केली. २०३० पर्यंत घरी न जाता सौर बसमध्येच राहायचे आणि गावोगाव फिरून ऊर्जेविषयी लोकांशी बोलायचे, असा त्यांचा संकल्प. ही बस म्हणजे चालते-फिरते घर. तिच्यावर ३.२ किलोवॅटची सौर पॅनेल आणि आत ६ युनिट वीज साठवणारी बॅटरी बसवण्यात आली. झोपणे, स्वयंपाक, दिवे, पंखा, संगणक हे सर्व त्याच विजेवर.

रेल्वेचेही उदाहरण आहे. जुलै २०१७ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री, आपल्या कोकणचे सुरेश प्रभू यांच्या हस्ते दिल्लीत एका डेमू गाडीचा शुभारंभ झाला. तिच्या सहा डब्यांच्या टपावर प्रत्येकी १६ पॅनेल होती आणि प्रत्येक पॅनेल ३०० वॅटचे. गाडी ओढण्याचे काम डिझेल इंजिनच करत होते. डब्यांतले दिवे आणि पंखे मात्र सूर्याच्या विजेवर चालत. हा फरक मुलांनी नीट लक्षात घ्यावा. टपावर मावतील तेवढ्या पॅनेलांनी मोठी गाडी धावत नाही, गाडीतला संसार चालतो.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या आपल्याकडेही वाढणार आहेत.

आधी हिशेब, मग खरेदी

दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, एका कुटुंबाला सहलीच्या गाडीत पुढील वस्तू चालवायच्या आहेत :

– ५ वॅटचे दोन दिवे, रोज ५ तास : ५० वॅट-तास
– २५ वॅटचा पंखा, ८ तास : २०० वॅट-तास
– चार मोबाइल भरणे : सुमारे ६० वॅट-तास
– पाण्याचा ४० वॅटचा छोटा पंप, अर्धा तास : २० वॅट-तास

एकूण ३३० वॅट-तास, म्हणजे एक युनिटाचा साधारण तिसरा हिस्सा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी १०० वॅटचे पॅनेल सुमारे ५ तास पूर्ण उन्हात असल्यासारखे काम करते, असे धरतात. उष्णता, धूळ आणि तारा यांपायी तीस टक्के वजा केले, तर १०० × ५ × ०.७ = ३५० वॅट-तास हाती येतात. म्हणजे उन्हाळ्यात एक पॅनेल पुरते. ढगाळ दिवसांसाठी दोन असलेली बरी.

बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची घेतली, तर तिच्यात १२०० वॅट-तास मावतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर ती लवकर निकामी होते. म्हणून हाती ६०० वॅट-तासच धरावेत.

येथे भूगोलाचाही धडा आहे. सुरत सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, असा वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. टपावर आडवे बसवलेले पॅनेल तेव्हा उत्तम चालते. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो आणि आडव्या पॅनेलवर तेव्हा सुमारे ७० टक्केच ऊन पडते.

पॅनेल पत्र्याला चिकटून का नको?

पॅनेलला ऊन हवे असते, पण उष्णता नको असते. सिलिकॉनच्या पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर जसजसे जाते, तसतशी त्याची शक्ती दर अंशामागे साधारण ०.४ टक्का घटते. उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर ४० अंशांचा फरक पडला, म्हणजे सुमारे १६ टक्के वीज गेली. म्हणून पॅनेल आणि टप यांच्यात निदान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. खालून वारा खेळतो, पॅनेल थंड राहते आणि गाडीवर सावलीही मिळते.

वारा पॅनेल उचलतो

मात्र याच मोकळ्या जागेतून वारा पॅनेलखाली शिरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी धावत असताना हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३०० न्यूटन भरतो. १०० वॅटच्या पॅनेलचे क्षेत्रफळ साधारण पाऊण चौरस मीटर. म्हणजे त्यावर वीस किलोंहून अधिक वजनाइतका जोर येऊ शकतो. पॅनेलचे स्वतःचे वजन असते सात-आठ किलो! वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. त्यात समोरून भरधाव ट्रक गेला की वेगळाच झटका बसतो.

बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, साक्री करत आपली कितीतरी कुटुंबे खानदेशात जातात. त्या महामार्गावर टपावरचे सुटलेले पॅनेल मागून येणाऱ्या मोटारसायकलवर पडले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. म्हणून केवळ दोरीने बांधणे किंवा दोन बाजूंनी चिकटपट्टी लावणे हे चालणारच नाही. पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला चारही कोपऱ्यांत मजबूत पाय हवेत. मोठ्या पॅनेलला मधल्या भागातही दोन हवेत. पुढच्या बाजूस एक उतरती पट्टी लावली, तर वारा खाली शिरण्याऐवजी वरून निघून जातो.

छिद्र पाडायचे तर कसे?

आपल्या गावाकडचा पत्र्याचा कारागीर खिळा कोठे ठोकतो ते आठवा. पन्हाळीच्या खोलगट भागात नाही, तर उंचवट्यावर, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. आणि पत्र्याच्या वर डांबरी वायसर घालतो. गाडीच्या टपालाही हाच नियम. पाणी साचेल तेथे छिद्र नको.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१. पॅनेलवर जाड चादर टाकावी. ऊन लागताच पॅनेल वीज तयार करते, त्याला बटण नसते.

२. टपाच्या आतील आडवे दांडे आणि तारा कोठून जातात ते आतून पाहून खुणा कराव्यात. मगच ड्रिल लावावे.

३. छिद्राच्या कडा कानसीने घासाव्यात आणि त्यांना गंजरोधक रंग द्यावा. ही पायरी पुष्कळजण गाळतात. उघड्या कडेपासून गंज सुरू होतो आणि रंगाखालून पसरत जातो.

४. पायाखालची जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी. धूळ किंवा मेण राहिले, तर कोणतेही सीलंट धरत नाही.

५. पायाखाली ब्युटाइलची पट्टी किंवा पॉलियुरेथेन सीलंटचा थर द्यावा. मोटारीची पुढची काच बसवणारे कारागीर पॉलियुरेथेन वापरतात, त्यांच्याकडे ते मिळते.

६. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. आतून रुंद वायसर किंवा पट्टी लावावी, म्हणजे पातळ पत्रा फाटत नाही.

७. बोल्ट एकदम आवळू नये. सगळे सीलंट बाहेर पिळून निघाले, तर आत थरच उरत नाही. शेवटी बोल्टच्या डोक्यावर आणि पायाच्या कडेभोवती सीलंटची सलग कड फिरवावी.

८. डब्यावर लिहिलेला सुकण्याचा काळ पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

सीलंट लवचीक का हवे?

याचे उत्तर आठवी-नववीच्या विज्ञानात आहे. तापल्यावर धातू प्रसरण पावतात, पण सगळे सारखे नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. दोन मीटर लांबीच्या चौकटीत ४० अंशांच्या फरकाने ॲल्युमिनियम सुमारे १.८ मिलिमीटर वाढते, तर पोलादी पत्रा सुमारे १ मिलिमीटर. म्हणजे रोज दुपारी हे दोन धातू एकमेकांवरून जवळजवळ एक मिलिमीटर सरकतात आणि रात्री परत येतात. मधला पदार्थ सिमेंटासारखा कडक असेल, तर काही महिन्यांत त्याला तडा जाणार. रबरासारखा असेल, तर तो ताणला जाऊन सांधा धरून ठेवतो.

आणखी एक सावधगिरी. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे स्वस्त सिलिकॉन पत्र्यावर वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल धातूला गंजवते. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे दुसरे सीलंट चिकटत नाही.

तारेची वाट

पाण्याला छिद्र सापडते ते बहुधा तारेचे. तार आत जाते तेथे केबल ग्लँड बसवावी आणि तिचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला ठेवावे. पुढे ठेवले, तर धावत्या गाडीत पाऊस थेट आत घुसतो. आत शिरण्यापूर्वी तारेला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते.

आत तार प्रथम चार्ज कंट्रोलरला आणि तेथून बॅटरीला जाते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. पॅनेलचा धक्का फारसा नसला, तरी बॅटरीच्या तारा एकमेकींना टेकल्या तर आग लागायला क्षण पुरतो. मुलांनी हे काम मोठ्यांवाचून मुळीच करू नये, आणि मोठ्यांनीही जाणकार वायरमनला बोलवावे.

बादलीची परीक्षा आणि मृगाची तपासणी

काम झाल्यावर एकाने टपावर हळूहळू बादलीभर पाणी ओतावे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन पाहावे. पाणी ठिबकते तेथेच छिद्र असेल असे नाही. ते दांड्यावरून वाहत दोन हात लांबही निघते. म्हणून एकेका पायावर वेगवेगळे पाणी ओतावे.

खानदेशातल्या धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरण्याची रीत आपल्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. एकदा केलेले छप्पर जन्मभर पुरत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते. टपाचेही तसेच. दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी बोल्ट हाताने हलवून पाहावेत, सीलंटच्या कडा सुटल्या आहेत का ते बघावे आणि पॅनेल ओल्या फडक्याने पुसावे. पॅनेलमधील घट एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली सावली किंवा पक्ष्याची घाण अपेक्षेपेक्षा फार अधिक वीज खाते.

कायदा आणि गच्ची

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल होईल अशी गाडीची फेररचना मनाप्रमाणे करता येत नाही. म्हणून ड्रिल हाती घेण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर हा कागदच उपयोगी पडतो.

विश्वस्त मंडळींसाठी शेवटचा मुद्दा. इमारतीच्या गच्चीवर पॅनेल बसवतानाही प्रश्न हेच आहेत : वारा आणि पाणी. ठेकेदार किती किलोवॅट देतो हे आपण विचारतो. स्लॅबला छिद्रे पाडणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभारणार, वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर दुरुस्ती कोणाची, आणि वादळी वाऱ्याचा हिशेब केला आहे का, हे तीन प्रश्नही करारात लिहून घ्यावेत. पॅनेलचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे असते. आज पहिलीत असलेले मूल तेव्हा तिशी ओलांडून गेलेले असेल. तोवर त्या गच्चीखालचे वर्ग कोरडे राहिले पाहिजेत.