मातीतील अणूंचा माग : जॉर्ज द हेवेशी यांचे जीवन व कार्य

पेरणीच्या वेळी शेतकरी सुपर फॉस्फेटचे पोते शेतात रिकामे करतो आणि चार महिन्यांनी पीक घरी आणतो. त्या पिकाच्या दाण्यात व कडब्यात किती स्फुरद आहे, हे प्रयोगशाळेत पृथक्करण करून सांगता येते. परंतु त्यातील किती स्फुरद पोत्यातून आले व किती जमिनीत मुळातच होते, हे केवळ पृथक्करणाने कळत नाही. कारण स्फुरदाचा एक अणू दुसऱ्यासारखाच असतो. हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नाही. खतासाठी वेचलेल्या रुपयापैकी किती आणे पिकास लागू पडले व किती मातीत अडकून राहिले, हाच त्याचा अर्थ होय. ज्या पद्धतीमुळे या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य झाले, त्या पद्धतीचे जनक म्हणजे हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी. त्यांचे चरित्र शेतकरी बंधूंनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे. कारण त्यांच्या सर्वांत मोठ्या यशाचा उगम एका साफ फसलेल्या प्रयत्नात आहे.

शिक्षण व उमेदवारी

हेवेशी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्ट येथे एका सधन कुटुंबात झाला. बुडापेस्ट व बर्लिन येथे शिक्षण घेतल्यावर १९०८ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. त्यानंतर काही काळ ते कार्ल्सरूह येथे फ्रिट्स हाबर यांच्या प्रयोगशाळेत होते. हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याची कृती शोधून काढणारे ते हेच हाबर. आज शेतात पडणारा युरियाचा प्रत्येक दाणा त्या कृतीचे ऋण सांगतो. १९११ च्या आरंभी हेवेशी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याकडे गेले. अणूच्या अंतरंगाचे रहस्य उलगडण्याचे कार्य त्या वेळी तेथे जोमाने चालले होते.

फसलेला प्रयत्न

ऑस्ट्रियाच्या सरकारकडून रदरफर्ड यांना शेकडो किलोग्रॅम शिसे भेट मिळाले होते. हे शिसे युरेनियमच्या खनिजापासून निघालेले असल्यामुळे त्यात ‘रेडियम-डी’ नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेला होता. रदरफर्ड यांना तो शुद्ध स्वरूपात हवा होता. पण भोवतालच्या साध्या शिशाच्या राशीमुळे त्याचा काहीच उपयोग करता येईना. रेडियम-डी शिशातून वेगळे करण्याचे काम त्यांनी तरुण हेवेशींवर सोपविले.

हेवेशींनी विरघळविणे, साका बसविणे, ऊर्ध्वपातन करणे असे रसायनशास्त्रास ठाऊक असलेले सर्व उपाय करून पाहिले. जवळजवळ दोन वर्षे खपूनही त्यांना तिळभरही यश आले नाही. शिसे जिकडे जाई तिकडे रेडियम-डी त्याच्या पाठोपाठ जाई.

याचे कारण पुढे स्पष्ट झाले. रेडियम-डी हे स्वतंत्र मूलद्रव्य नसून शिशाचेच एक रूप होते. एकाच मूलद्रव्याचे काही अणू वजनाने थोडे हलके, तर काही थोडे जड असू शकतात. त्यांच्या अणुगर्भात प्रोटॉनांची संख्या तीच असते, न्यूट्रॉनांची मात्र कमीअधिक असते. त्यामुळे त्यांचे रासायनिक वर्तन जवळजवळ एकच राहते. मूलद्रव्यांच्या कोष्टकात असे अणू एकाच स्थानी बसतात म्हणून त्यांस ‘समस्थानिक’ म्हणतात. या अर्थाचा इंग्रजी शब्द फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये रूढ केला. समस्थानिकांपैकी काही स्थिर असतात, तर काही किरण बाहेर टाकीत हळूहळू अन्य मूलद्रव्यांत रूपांतर पावतात. अशांना किरणोत्सर्गी म्हणतात.

दोन वर्षांचे श्रम वाया गेले असे वाटून दुसरा एखादा निराश झाला असता. हेवेशींनी मात्र त्या अपयशाकडे उलट बाजूने पाहिले. रेडियम-डी शिशापासून जर कोणत्याही उपायाने वेगळे होत नाही, तर शिसे कोठे जाते हे दाखविण्यासाठी त्याहून चांगला साथीदार कोणता? थोडे रेडियम-डी मुद्दाम शिशात मिसळावे. त्याचे किरण उपकरणाने ओळखता येतात. म्हणून शिशाचा अत्यल्प अंशही कोठे पोचला ते कळेल.

शेतकऱ्यास हे एका उदाहरणाने चटकन समजेल. गावच्या कळपात एकाच रंगाची शंभर जनावरे आहेत. त्यांत आपली कोणती ते लांबून ओळखता येत नाही. आपल्या जनावरांच्या गळ्यात घंटा बांधली, की ती रानात कोठेही चरत असली तरी आवाजावरून त्यांचा माग लागतो. किरणोत्सर्गी समस्थानिक म्हणजे घंटा बांधलेला अणू होय. ही घंटा इतकी हलकी आहे, की तिच्यामुळे जनावराच्या चालीत फरक पडत नाही. पिकाच्या मुळांना तर तिची जाणीवही होत नाही.

१९१३ मध्ये व्हिएन्ना येथील रेडियम संस्थेत फ्रिट्स पानेथ यांच्या सहकार्याने हेवेशींनी या युक्तीचा पहिला शास्त्रीय उपयोग केला. पाण्यात अगदी नाममात्र विरघळणाऱ्या शिशाच्या संयुगांची विद्राव्यता त्यांनी त्यायोगे मोजली.

या काळातील एक गमतीदार हकीकत हेवेशी स्वतः सांगत असत. मँचेस्टर येथे ते ज्या घरी जेवत, तेथील मालकीणबाई ताटांत उरलेले मांस पुढील दिवसांच्या पदार्थांत पुन्हा वाढतात असा त्यांना संशय होता. बाईंनी अर्थातच इन्कार केला. एके दिवशी हेवेशींनी ताटात उरलेल्या अन्नावर किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टाकून ठेवले. त्यानंतर वाढलेला पदार्थ विद्युद्दर्शक यंत्राने तपासताच अणूंनी साक्ष दिली. संशय खरा ठरला.

बाकल्याची रोपे

पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये हेवेशी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्या संस्थेत आले. तेथे डिर्क कॉस्टर यांच्यासह त्यांनी ७२ व्या क्रमांकाचे मूलद्रव्य शोधून काढले. १९२३ च्या आरंभी जाहीर झालेल्या या मूलद्रव्यास कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून ‘हॅफ्नियम’ हे नाव मिळाले.

शेतीच्या दृष्टीने मात्र त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग अधिक मोलाचा आहे. युरोपात बाकला नावाचे मोठ्या दाण्याचे शेंगपीक होते. त्याच्या रोपांची मुळे हेवेशींनी शिशाच्या द्रावणात ठेवली. त्या शिशात ‘थोरियम-बी’ हे शिशाचेच किरणोत्सर्गी समस्थानिक मिसळलेले होते. त्याची किरणशक्ती सुमारे साडेदहा तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे सर्व मोजमाप घाईने उरकावे लागे. ठराविक वेळाने रोपे काढून मूळ, खोड व पाने निरनिराळी जाळली जात आणि प्रत्येकाच्या राखेतील किरण मोजले जात.

त्यावरून असे दिसले, की शिशाचा बहुतेक भाग मुळांतच थांबतो व खोडापानांत फारच थोडा चढतो. तीच रोपे नंतर साध्या शिशाच्या द्रावणात ठेवली असता मुळांतील खुणेचे शिसे बाहेर येऊन त्याची जागा साधे शिसे घेते, असेही आढळले. सजीवाच्या शरीरातील एखाद्या मूलद्रव्याचा प्रवास अशा खुणेच्या अणूंनी तपासण्याचा हा पहिलाच प्रयोग होता. शिसे हे पिकाचे अन्न नव्हे, ते विष आहे. तेव्हा या प्रयोगाने कोणाचे उत्पन्न वाढले नाही. परंतु वाट मिळाली. पिकाच्या खऱ्या अन्नद्रव्यांसाठी अशी घंटा मिळणे तेवढे बाकी होते.

स्फुरदाचा शोध घेताना

ती संधी १९३४ मध्ये आली. फ्रान्समध्ये इरेन व फ्रेडरिक जोलियो-क्यूरी या दाम्पत्याने साध्या मूलद्रव्यांपासून कृत्रिम किरणोत्सर्गी अणू निर्माण करता येतात हे सिद्ध केले. त्याच वर्षी हेवेशींनी नाझी राजवटीतील जर्मनी सोडली आणि फ्रायबर्ग येथील प्राध्यापकपद टाकून ते कोपनहेगनला परतले. गंधकयुक्त द्रवावर न्यूट्रॉनांचा मारा केल्यास गंधकाच्या काही अणूंचे ‘स्फुरद-३२’ या किरणोत्सर्गी स्फुरदात रूपांतर होते. त्याची शक्ती सुमारे चौदा दिवसांनी निम्मी होते. थोरियम-बीच्या मानाने हा अवधी कितीतरी सोयीचा होता.

१९३५ मध्ये हेवेशी व त्यांचे सहकारी कीविट्स यांनी असे स्फुरद उंदरांना खाऊ घातले. हाडे म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. प्रयोगाने तो खोटा ठरविला. हाडांतील स्फुरदाचे अणू सतत बाहेर पडतात व त्यांच्या जागी अन्नातून आलेले नवे अणू बसतात. वनस्पतींवरील प्रयोगांतही तेच दिसून आले. पानात गेलेले स्फुरद तेथेच कायम न राहता पानापानांत फिरत असते. शेळीचे दूध व कोंबडीचे अंडे यांतील स्फुरद शरीरात कोणत्या मार्गाने येते, याचाही माग हेवेशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ च्या सुमारास काढला.

युद्धकाळ व सन्मान

एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापले. माक्स फॉन लाउए व जेम्स फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदके सुरक्षिततेसाठी बोर यांच्या संस्थेत ठेवलेली होती. ती सैनिकांच्या हाती पडती, तर जर्मनीबाहेर सोने पाठविल्याबद्दल लाउए यांच्यावर प्राणसंकट ओढवले असते. हेवेशींनी दोन्ही पदके अम्लराजात विरघळविली व ते द्रावण फळीवर इतर बाटल्यांत ठेवून दिले. त्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. युद्धानंतर त्यातून सोने परत मिळविण्यात आले आणि नोबेल संस्थेने पदके पुन्हा घडवून दिली. पदार्थाचे रूप पालटले तरी अणू नष्ट होत नाहीत, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

१९४३ मध्ये हेवेशी स्वतः स्वीडनला निसटले. रासायनिक क्रियांच्या अभ्यासात समस्थानिकांचा माग काढण्यासाठी उपयोग केल्याबद्दल १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना १९४४ मध्ये जाहीर झाले. ५ जुलै १९६६ रोजी फ्रायबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

शेतीस झालेला लाभ

अणुभट्ट्या सुरू झाल्यावर समस्थानिक मुबलक मिळू लागले. आपल्या देशात ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ ही पहिली अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यान्वित झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९६४ मध्ये शेतीसाठी व्हिएन्ना येथे संयुक्त विभाग स्थापन केला. हेवेशींनी पानेथ यांच्यासह पहिला प्रयोग केला ते हेच शहर.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद-३२ मिसळून ते प्रयोगाच्या वाफ्यात दिले. समजा, पिकातील एक ग्रॅम स्फुरदाची किरणशक्ती खतातील एक ग्रॅम स्फुरदाच्या एकपंचमांश भरली. तर पिकातील स्फुरदाचा पाचवा हिस्सा खतातून व चार हिस्से जमिनीतून आले, हे उघड होय. पिकाने एकूण दहा किलोग्रॅम स्फुरद घेतले असल्यास खताचे दोनच किलोग्रॅम कामी आले. खतातून वीस किलोग्रॅम दिले होते असे धरले, तर दहावा हिस्सा उपयोगी पडला. हा हिशेब केवळ समजुतीसाठी घेतलेला आहे. परंतु प्रत्यक्षातही दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकास बहुधा दहा ते पंचवीस टक्केच मिळते. उरलेले स्फुरद कोकणातील जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी, तर चुनखडीच्या काळ्या जमिनीत चुन्याशी बांधले जाते. ते सर्वच वाया जात नाही. त्याचा काही अंश पुढील पिकांस हळूहळू मिळतो.

स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही आणि पिकास त्याची निकड कोवळ्या वयात अधिक असते, हेही या प्रयोगांनी स्पष्ट केले. म्हणून ते वरवर फेकून न देता पेरणीबरोबर बियाण्याच्या बाजूस व थोडे खाली पट्ट्यात पडेल असे द्यावे, ही शिफारस दृढ झाली. नारळ, केळी व लिंबूवर्गीय फळझाडांभोवती निरनिराळ्या अंतरावर व खोलीवर स्फुरद-३२ घालून कोणती मुळे अन्न शोषतात तेही पाहण्यात आले. त्यावरून आळ्यात खत कोठे द्यावे हे ठरविता येते.

नत्रासाठी ‘नत्र-१५’ हे स्थिर समस्थानिक वापरतात. त्यातून किरण निघत नाहीत. अणूच्या वजनातील फरक हीच त्याची खूण. पाण्याच्या भातखाचरात वरून फेकलेल्या युरियातील बराच नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत जातो व खत चिखलात खोल दिल्यास हा नाश घटतो, हे या पद्धतीने मोजून दाखविता आले. कोकणात भाताच्या रोपांमध्ये खताच्या गोळ्या खोचण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागील तत्त्व हेच होय.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. ट्रॉम्बे येथे विकसित झालेले टीएजी-२४ यांसारखे भुईमुगाचे वाण किरणांच्या साहाय्याने घडविलेल्या आनुवंशिक बदलांच्या संशोधनातून आले. ते कार्य माग काढण्याच्या पद्धतीहून निराळे आहे. दुसरे असे, की खुणेचे खत केवळ संशोधन केंद्रावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरतात. शेतकऱ्यास ते हाताळावयाचे नसते. त्याच्या हाती पोचते ती त्यातून निघालेली शिफारस.

पुढील हंगामात पाभरीच्या नळ्यातून खत सोडताना ते बियाण्यापासून किती अंतरावर व किती खोल पडते, याकडे शेतकरी बंधूंनी लक्ष द्यावे. त्या दोन बोटांच्या अंतरामागे मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत हरलेल्या एका तरुणाची दोन वर्षे आहेत. अपयश टाकून न देता त्याने ते उलटून पाहिले, म्हणून खताचा अणू कोठे जातो हे आज आपणांस सांगता येते.