आधी वाट, मग रोपं

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाने शाळेमागच्या पडीक जागेत साठ रोपं लावली. दिवाळीपर्यंत जेमतेम वीस उरली. गुरांनी खाल्ली, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. खरं तर बरीचशी माणसांच्याच पायाखाली गेली. शाळेला, पाण्याला जाणारे त्या जागेतूनच आडवे जातात, आणि आम्ही नेमके तिथेच खड्डे काढले होते.

हे आमच्या ध्यानात आलं मुंबईत. पापड-मसाले घेऊन प्रदर्शनाला गेलो होतो. एका सकाळी धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहिलं. मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकर. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत. त्यावर माती पसरून झाडं वाढवली आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. आता आत शिरलं की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मागे राहतो.

आम्हाला आवडल्या तिथल्या पायवाटा. माणसाने वाटेवरून चालायचं, बाकीची जमीन झाडांची. दोन्ही अंगांना पाचोळा पडलेला. (आमच्यातली एक सवयीने झाडू शोधायला लागली!) पण तो पाचोळाच कुजून खत होतो, ओल धरतो.

वाट सोडून चाललं तर काय बिघडतं? आपलं खळं आठवा. चोपून, सारवून आपण ते मुद्दाम घट्ट करतो, म्हणून तिथे गवत उगवत नाही. रोजच्या पायांनी जमीन तशीच चोपली जाते. मातीतली हवेची भोकं बुजतात, पाणी मुरत नाही, कोवळ्या मुळांना पुढे सरकता येत नाही. दहा जणींनी दहा वाटा पाडल्या तर दहा खळी होतात. एकीनेच गेलं तर एकच. उताराची वाट मात्र सरळ खाली नेऊ नये. पावसात तिचा ओहोळ होतो. ती वळणावळणाने न्यावी.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात, म्हणून अळ्या दिसल्या की लगेच झाड तोडू नका, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

यंदा आम्ही आठवडाभर नुसतं पाहिलं, कोण कुठून जातं. त्या रेषेवर राख टाकली. काकूंना विहिरीची जवळची वाट हवीच होती, तीही ठेवली. उरलेल्या जागेभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलंय. चाळीस खड्डे तयार आहेत, पावसाची वाट पाहतोय.