रोहित पक्ष्याचा रंग आणि आपली कोशिंबीर

हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सीवूड्सच्या खाडीकाठच्या पाणथळ जागी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हा गुलाबी रंग येतो कोठून, असे मुले विचारतात. आम्ही सांगतो : पोटातून. रोहिताची पिल्ले करडी असतात. खाद्यातल्या शेवाळांतील व सूक्ष्मजीवांतील कॅरोटीनॉइड रंगद्रव्ये आतड्यातून रक्तात जातात, शरीरात थोडी बदलतात आणि पिसांत साठतात.

ही रंगद्रव्ये आपणही खातो. गाजर, लाल भोपळा, पपई यांत बीटा-कॅरोटीन भरपूर. शेवग्याच्या पाल्यातही ते असते, फक्त हिरव्या रंगाआड लपलेले. आपण मात्र त्यातील काही रेणू तोडतो. ४० कार्बन अणूंचा हा रेणू लहान आतड्याच्या अस्तरातील एक विकर मधोमध कापते आणि त्यापासून अ जीवनसत्त्व बनते. अंधुक उजेडात पाहण्यासाठी दृष्टिपटलाला लागणारे द्रव्य त्यातूनच तयार होते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. कमतरता फार वाढली तर लहान मूल कायमचे आंधळेही होते.

मग पालेभाजी खाणाऱ्या मुलातही कमतरता का आढळते? कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, मेदात विरघळते. जेवणात स्निग्ध पदार्थ असेल तर पित्त बाहेर पडते, मेदाचे अतिसूक्ष्म कण होतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन कॅरोटीन आतड्याच्या पेशींपर्यंत पोहोचते. तेल नाही तर वाहन नाही. कच्च्या भाजीत ते पेशीभित्तींत अडकूनही राहते. म्हणून नुसत्या मीठ-लिंबाच्या कोशिंबिरीपेक्षा चमचाभर तेलाच्या फोडणीत शिजवलेली भाजी या बाबतीत सरस. (आमच्या आज्यांनी हे प्रयोगशाळेविना साधले होते!) जुनाट जुलाब असल्यास मात्र फोडणीही पुरत नाही, कारण शोषणच बिघडलेले असते.

वर्गात करून पाहा. दोन परीक्षानळ्यांत किसलेले गाजर घ्या. एकीत पाणी, दुसरीत फिकट रंगाचे खाद्यतेल घाला. दोन्ही पंधरा मिनिटे गरम पाण्यात ठेवा. तेल केशरी होते, पाणी फारसे रंगत नाही.

अ जीवनसत्त्व यकृतात साठून राहते. त्यामुळेच भारतात १९७० पासून चाललेल्या कार्यक्रमात लहान मुलांना त्याची मोठी मात्रा सहा महिन्यांतून एकदा पाजली तरी चालते. क जीवनसत्त्वाचे तसे नाही. जास्तीचे लघवीवाटे जाते.

न तुटलेले कॅरोटीन आपल्या चरबीत व त्वचेत साठते. महिनोन्महिने गाजर-पपई फार खाणाऱ्याचे तळहात पिवळट दिसू लागतात. पालक घाबरून कावीळ समजतात. पण डोळ्यांतला पांढरा भाग पांढराच असतो.