कॅमेऱ्यातील ‘सी वन’ आणि कापडाचा खरा रंग

व्यापारात तराजूला मोठा मान आहे. दांडी सरळ आहे की नाही, वजनाचे माप खरे आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय जुने दुकानदार सकाळी पहिले गिऱ्हाईक घेत नसत. आज कापडाच्या धंद्यात आणखी एक तराजू आला आहे, तो म्हणजे कॅमेरा. नाशिकच्या मेन रोडवरचा दुकानदार असो, येवल्याचा पैठणी विणणारा कारागीर असो की मालेगावचा यंत्रमागवाला असो, परगावचे गिऱ्हाईक आता माल हातात घेण्याआधी त्याचा फोटो पाहते आणि फोटोवरच सौदा पक्का करते. म्हणून फोटोत रंग चुकला तर ते मापात चुकण्यासारखेच आहे.

मागच्या रमजानात आमच्या दुकानात हेच घडले. घरातील एका मुलाने 36 साड्यांचे फोटो काढले. त्याने आदल्या संध्याकाळी पिवळ्या दिव्यात कॅमेऱ्याची सेटिंग ठरवून ती ‘सी वन’ या जागी साठवली होती. सकाळी दाराच्या उजेडात त्याने फक्त प्रकाशाची सेटिंग बदलली आणि काम सुरू केले. पहिल्या काही साड्यांचे फोटो उत्तम आले. मग जोहरची वेळ झाली. तो नमाजला गेला, परत आला आणि उरलेले फोटो काढून मोकळा झाला. त्या उरलेल्या फोटोंत मरून रंग जांभळट आणि बाटली हिरवा मोरपंखी दिसत होता. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर त्याच्या ते लक्षात आले नाही. मोरपंखी समजून मागवलेल्या साड्या परत आल्या आणि दोन्ही बाजूंचे टपालभाडे आम्ही भरले. पैसे गेले त्याचे फारसे दुःख नाही, पण एका गिऱ्हाइकाने ‘दाखवले एक, दिले दुसरे’ असे म्हटले, ते मनाला लागले.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याला जे सांगून ठेवले होते तेच त्याने केले. हा प्रकार नीट समजून घेतला तर असे नुकसान टळू शकते.

‘सी वन’ म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक फिरणारी चकती असते, तिला मोड डायल म्हणतात. कॅननच्या मधल्या व वरच्या दर्जाच्या अनेक कॅमेऱ्यांत तिच्यावर ‘सी वन’, ‘सी टू’ अशा खुणा असतात. निकॉनमध्ये 2010 सालच्या डी 7000 पासून अनेक मॉडेलांवर ‘यू वन’, ‘यू टू’ आले. नाव कोणतेही असो, काम एकच आहे. आपण ठरवलेल्या सर्व सेटिंग्ज एका कप्प्यात ठेवायच्या आणि चकती फिरवताच त्या जशाच्या तशा परत मिळवायच्या. हा कप्पा अमानतीच्या पेटीसारखा आहे. ठेवले ते मिळते, ठेवले नाही ते मिळत नाही.

साठवण्याची रीत सोपी आहे. प्रथम चकती ‘एम’ वर आणावी आणि सर्व सेटिंग्ज ठरवाव्यात. मग कॅननच्या मेनूमध्ये कस्टम शूटिंग मोड उघडून ‘रजिस्टर सेटिंग्ज’ निवडावे आणि ‘सी वन’ दाखवून ओके करावे. निकॉनमध्ये याच कामासाठी ‘सेव्ह युजर सेटिंग्ज’ आहे. मॉडेलनुसार शब्द थोडे बदलतात, रीत तीच राहते.

बदललेली सेटिंग परत जुनी का होते?

सर्वांत जास्त तक्रार याचीच असते आणि आमच्याकडेही हेच झाले. ‘सी वन’ वर असताना आपण काही बदल केला तर तो तात्पुरता असतो. कॅननमध्ये कॅमेरा बंद केला, चकती फिरवली किंवा बराच वेळ हात न लावल्याने कॅमेरा आपोआप झोपी गेला, की कप्प्यातील मूळ सेटिंग परत येते. निकॉनमध्ये कॅमेरा बंद केल्यावर किंवा चकती फिरवल्यावर तसेच होते. आमचा मुलगा नमाजला गेला तेवढ्यात कॅमेरा झोपला आणि जागा झाला तेव्हा रात्रीची पिवळ्या दिव्याची सेटिंग घेऊन उठला.

यावर उपाय दोन आहेत. एक, बदल कायमचा हवा असेल तर तो पुन्हा रजिस्टर करावा. दुसरा, कॅननच्या अनेक मॉडेलांत ‘ऑटो अपडेट सेटिंग्ज’ नावाची सोय आहे. ती चालू केली की केलेला प्रत्येक बदल आपोआप कप्प्यात जातो. पण दुकानात एकाच कॅमेऱ्याला चार जणांचे हात लागतात. कोणी गंमत म्हणून काही फिरवले तर तेही साठवले जाईल आणि आपली मूळ सेटिंग हरवेल. म्हणून दुकानदाराने ऑटो अपडेट बंदच ठेवावे असे माझे मत आहे. उजेड वेगळा असेल तर कप्पाही वेगळा करावा. दाराच्या उजेडासाठी ‘सी वन’ आणि दुकानातील दिव्यांसाठी ‘सी टू’ ठेवावा.

कप्पा बरोबर, तरी फोटो कमी-जास्त उजळ का?

कॅमेऱ्याचे मीटर प्रत्येक वस्तूला मध्यम करडी समजून उजेड मोजते. त्यामुळे काळी चंद्रकळा करडी येते आणि पांढरे मलमल मळके येते. पैठणीच्या पदराची जर चमकली की बाकीची साडी काळवंडते. ‘सी वन’ मध्ये आपण ‘एव्ही’ किंवा ‘पी’ मोड साठवला असेल तर प्रत्येक साडीला उजेड बदलत राहील. म्हणून ‘एम’ मोडच साठवावा.

‘एम’ मध्येही एक फसगत आहे. आयएसओ जर ऑटोवर राहिला तर कॅमेरा त्या मार्गाने उजेड बदलतोच. तेव्हा आयएसओ 100 ते 400 च्या दरम्यान एका आकड्यावर बांधून ठेवावा. कॅमेरा स्टँडवर असेल तर एफ 8 आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, एवढ्यावरून सुरुवात करून पाहावी. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूब आणि काही एलईडी दिवे सेकंदात 100 वेळा लुकलुकतात. शटर फार जलद ठेवले तर फोटोत आडवे पट्टे येतात. पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर हा त्रास बहुधा होत नाही.

रंगाची जबाबदारी उजेडावर

वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून ती वस्तू दिसते, हे बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी सुमारे 1000 वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाजिर’ मध्ये मांडले. कॅमेऱ्यालाही हाच नियम लागू आहे. उजेड पिवळा तर कापड पिवळट. ही चूक दुरुस्त करणाऱ्या सेटिंगला व्हाइट बॅलन्स म्हणतात. कॅननमध्ये दिवसाच्या उजेडासाठी 5200, सावलीसाठी 7000 आणि पिवळ्या बल्बसाठी 3200 केल्विन असे आकडे धरलेले आहेत. बल्बची सेटिंग दिवसा वापरली की फोटोवर निळी झाक येते. आमचा मरून जांभळट झाला तो यामुळे.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये, कारण लाल साडी समोर आली की कॅमेरा तिचा लालपणाच ‘दुरुस्त’ करू पाहतो. पांढरा कोरा कागद साडीच्या जागी धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यावा आणि उजेड बदलला की तो नव्याने घ्यावा. दाराचा उजेड आणि दिवा एकत्र करू नये. पिक्चर स्टाइलमध्ये भडक रंग देणारा प्रकार टाळून ‘न्यूट्रल’ किंवा ‘फेथफुल’ घ्यावा. कॅननचा ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर आणि निकॉनचे अॅक्टिव्ह डी-लायटिंग बंद करावे, मगच कप्पा रजिस्टर करावा.

धूप-छाँव कापडाची गोष्ट वेगळी आहे. त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून साडी हलवली की रंग पालटतो. तेथे कोणतीही सेटिंग एका फोटोत पूर्ण सत्य सांगू शकत नाही. दोन बाजूंनी दोन फोटो द्यावेत आणि दोन्ही रंग लिहून कळवावेत.

बिघाड शोधण्याचा क्रम

फोटो चुकला की लगेच दुरुस्तीवाल्याकडे धावू नये. आधी चकती खरोखर ‘सी वन’ वर आहे का, हे पाहावे. मग केलेला बदल रजिस्टर झाला होता का आणि ऑटो अपडेट चालू आहे की बंद, हे तपासावे. त्यानंतर आयएसओ व व्हाइट बॅलन्स ऑटोवर गेले नाहीत ना, याची खात्री करावी. लेन्सवरील ऑटोफोकसचे बटण हाताने सरकवायचे असते, ते कप्प्यात साठत नाही, म्हणून फोटो धूसर आला तर तेही पाहावे. सर्व सेटिंग्ज पुसण्याची सोय मेनूत चालत नसेल तर घाबरू नये. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत चकती ‘सी’ वर असताना ती सोय बंदच असते. चकती ‘एम’ वर आणून पुन्हा पाहावे. गोंधळ फारच झाला असेल तर ‘क्लिअर सेटिंग्ज’ करून कप्पा रिकामा करावा आणि नव्याने भरावा.

आता आम्ही दुकानात एक नमुना पट्टी ठेवली आहे. मरून, बाटली हिरवा, काळा आणि पांढरा असे चार तुकडे एका पुठ्ठ्यावर शिवले आहेत. काम सुरू करताना, आणि मध्ये खंड पडला तर परत बसताना, पहिला फोटो या पट्टीचा काढतो. तो मोठ्या पडद्यावर उघडून पट्टीशी ताडून पाहतो आणि मगच पहिली साडी मांडतो. दोन मिनिटांचे काम आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले. परगावच्या गिऱ्हाइकाला आपल्या राशीत हात घालता येत नाही, त्याच्याजवळ फक्त आपला फोटो असतो. आमचा रंग चुकला तो नकळत. पण कारण कळल्यानंतर तीच चूक पुन्हा झाली, तर ‘कॅमेऱ्याने केले’ असे म्हणायला आपल्याला जागा उरत नाही.